छातीत दुखतंय म्हणून आलेला पेशंट आणि फोनवर निघालेला आकडा

कातळफूल
शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे चार वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. छातीत दुखतंय म्हणून रात्रीबेरात्री जो माणूस कॅज्युअल्टीत येतो त्याला घरी पाठवायचं, ठेवून घ्यायचं की एकशे आठमध्ये घालून गोव्यात बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला धाडायचं, हे ठरवताना मी गेली दोन वर्षं फोनवर हार्ट स्कोअर काढते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २००८ साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी हा मांडला, पाच गोष्टी बघायच्या, हिस्टरी (दुखणं हार्टचं वाटतं का), ईसीजी, वय, रिस्क फॅक्टर आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते), प्रत्येकीला ० ते २ गुण, बेरीज १० पैकी. ३ पर्यंत आली तर धोका कमी, ४ ते ६ मधला, ७ पासून पुढे जास्त. रेंज नसली तर बोटांवरही होतो, पावसाळ्यात तसाच करावा लागतो.

तर एप्रिलमधली गोष्ट. ४१ वर्षांचा माणूस, आंब्याच्या बागेत कामाला, दिवसभर पेट्या भरून रात्री दीड वाजता भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. म्हणाला मॅडम पित्त झालंय, एक इंजेक्शन द्या, पहाटे पाचला गाडी भरायचीय. ईसीजी काढला, मशीननेच वर छापून दिलं नॉर्मल, मीही बघितला, मलाही काही दिसलं नाही. ट्रोपोनिनचं कार्ड निगेटिव्ह. शुगर बीपी आहे का, नाही. घरात कुणाला हार्टचं, नाही. हिस्टरीला मी १ दिला कारण पित्त म्हणत होता पण अस्वस्थ वाटत होता. वय ४५ च्या खाली म्हणून ०. बेरीज आली १. भावाने बाहेर गाडीला किक पण मारली होती.

सिस्टर बीपीचा पट्टा सोडत होत्या तेव्हा या माणसाने उजव्या हाताची मूठ वळून छातीच्या मधोमध दाबून धरली. आम्ही बोलायला लागलो की काढायचा, आम्ही वळलो की परत तिथेच. बनियन मागून भिजून पाठीला चिकटलेलं, आणि वर पंखा फुल चालू. मी म्हटलं झोपा, गाडी कोणीतरी दुसरं भरेल. पाऊण तासाने परत ईसीजी काढला तर खालच्या लीडमध्ये, दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये, एसटी चढलेला, म्हणजे अटॅकच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि मग एकशे आठ. माणूस आज बरा आहे, परवा पायरी आंबे घेऊन आला होता.

पण मला त्या १ ने झोप लागू दिली नाही. नंतर शुगर आली २८०, त्याने जन्मात कधी तपासलीच नव्हती. बिड्या रोजच्या, त्या मी विचारल्याच नव्हत्या. आणि वडील ४८ व्या वर्षी झोपेत गेलेले, बायको म्हणाली गावात सगळे हार्टच म्हणतात. म्हणजे रिस्क फॅक्टर तीन, त्याचे गुण २. मूठ बघितल्यावर हिस्टरीही २. त्याच माणसाची, त्याच वेळेची बेरीज ४ होते. तर चूक स्कोअरची की माझी? आणि एवढं असताना हा आकडा वापरावा का? डॉक्टर, नर्स, पेशंटचे नातेवाईक सगळ्यांनी लिहा.

---

गुहागरकर
रविवार, सकाळी ७:०५

डॉक्टर, आधी तुमचे आभार की असं मोकळेपणाने लिहिलंत. मी डॉक्टर नाही, पुण्यात डेटाचं काम करतो, त्या बाजूने लिहितो.

तुमच्या गोष्टीत मला सगळ्यात मोठी वाटली ती एकच, कधी तपासलीच नव्हती. फॉर्ममध्ये शुगर आहे किंवा नाही एवढेच दोन पर्याय असतात, पेशंटला माहीत नसतं, तो नाही म्हणतो, आपण नाही टिपतो आणि गणित ते खरं धरून चालतं. माहीत नाही आणि नाही यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जिथे दर वर्षी रक्त तपासणारी माणसं आहेत तिथे हा फरक लहान असतो, आपल्याकडे वाडीत निम्म्या लोकांनी शुगर पहिल्यांदा बघितली ती कॅज्युअल्टीतच.

दुसरं, कमी धोका म्हणजे किती कमी. हार्ट स्कोअर २०१३ मध्ये २,४४० पेशंटवर तपासला, ३ पर्यंत बेरीज असलेल्यांपैकी १.७ टक्के लोकांना पुढच्या सहा आठवड्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा मृत्यू यांतलं काहीतरी झालं. म्हणजे नीट माहिती भरूनसुद्धा शंभरात एकदोघं निघतातच. तुमच्यासमोर बसलेला त्या अठ्ठ्याण्णवांतला की त्या दोघांतला हे आकडा सांगू शकत नाही, तेवढ्यासाठीच मूठ आणि बनियन बघावं लागतं.

तिसरं वय. बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातून २००७ साली जे छापून आलं त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आणि बाकीच्या देशांत ५८.८ व्या वर्षी. जवळजवळ सहा वर्षं आधी. मग डच माणसांवरून ठरवलेली ४५ ची रेघ आपल्या बागेतल्या, बोटीवरच्या माणसाला तशीच लावली तर चाळिशीतला माणूस फुकटचा शून्य घेऊन जातो. मी तुमच्या जागी असतो तर गुण बदलले नसते कारण मग तो स्कोअरच राहत नाही, पण चाळिशीच्या माणसाची कमी बेरीज बघून निर्धास्त पण झालो नसतो.

---

आडसर
रविवार, सकाळी ९:४८

एरवी मालवणीत लिहितो, आज सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच.

माझ्या आईचं झालं ते सांगतो. वय ५२, कधी आजारी पडलेली मला आठवत नाही. तीन दिवस म्हणत होती दम लागतो, मळमळतंय, पाठीत भरलंय. छातीत दुखतं असं एकदाही म्हणाली नाही. एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नेलं, नाव लिहीत नाही, तिथे रिसेप्शनवरच कॉम्प्युटरमध्ये तक्रार टाकायची पद्धत, मुलीने टाकलं श्वास लागणे, आणि त्यावरून पुढचा सगळा रस्ता ठरला. छातीचा एक्सरे, वाफ, अँटिबायोटिक. ईसीजी काढला पण नॉर्मल म्हणाले. आत डॉक्टर भले होते, पण त्यांच्यासमोर स्क्रीनवर दम्याचा पेशंट म्हणूनच आली ना ती. घरी पाठवलं. दोन दिवसांनी रात्री बाथरूममध्ये पडली. आता आहे, पण हार्टचं पंपिंग निम्म्यावर आलंय, विहिरीवर जाणं बंद.

तंबाखू खाता का विचारलं होतं, नाही म्हणाली. खोटं नव्हती बोलत. मिश्री ती तंबाखूत धरतच नाही, सकाळ संध्याकाळ दात घासायचं म्हणून लावते, चाळीस वर्षं.

मला कोणाला दोष द्यायचा नाही पण आकडा काढणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवा एवढीच विनंती.

---

गुहागरकर
रविवार, सकाळी १०:३०

आडसर, वाचून गलबलून आलं. आईंना नमस्कार सांगा.

तुमच्या आईंसारख्या पेशंटबद्दल २००० साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, दहा हॉस्पिटलं, १०,६८९ पेशंट. त्यात खरा हार्ट अटॅक असलेले ८८९ निघाले आणि त्यांतले १९ चुकून घरी पाठवले गेले होते. कोण जास्त करून घरी जातात तेही त्यांनी शोधलं, ५५ च्या आतल्या बायका, गोरे नसलेले लोक, मुख्य तक्रार दम लागणं आणि ईसीजी नॉर्मल. एकेक ओळ तुमच्या आईंची.

त्याच पेशंटांवर ईसीजीच्या कागदावरच टक्का छापून द्यायचा प्रयोगही झाला होता, १९९८ मध्ये निकाल आला. वय, स्त्री की पुरुष, छातीत दुखणं ही मुख्य तक्रार आहे का आणि ईसीजीत काय काय दिसतं यावरून मशीन ० ते १०० मध्ये शक्यता सांगायचं. ज्यांना खरंच अटॅक होता त्यांना ठेवून घेण्याचं प्रमाण त्याने घटलं नाही, ते आधीपासूनच चांगलं होतं, फायदा झाला तो ज्यांना हार्टचं काही नव्हतं त्यांना, ते विनाकारण आयसीयूत जायचे थोडे कमी झाले. पण बघा, छातीत दुखणं ही मुख्य तक्रार आहे का या एका प्रश्नाला नाही भरलं की टक्का खाली येतो. आणि तो प्रश्न रिसेप्शनवरच्या मुलीने भरला तर?

---

जुना केसपेपर
रविवार, दुपारी १२:१५

मी रत्नागिरीत बत्तीस वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, आता निवृत्त. कातळफूल, बेटा, चूक तुझी नाही आणि स्कोअरचीही नाही. तू जे केलंस, दुसरा ईसीजी, तेच उत्तर आहे. एक ईसीजी म्हणजे त्या दहा सेकंदांची गोष्ट. दुखणं चालू असेल तर पंधरा वीस मिनिटांनी परत काढायचा, परत काढायचा, कागदाचा रोल संपला तरी चालेल. ते कार्डही तसंच, दुखायला लागून तासभर झालेला माणूस आला तर निगेटिव्हच येणार, रक्तात उतरायला वेळ लागतो. स्कोअरच्या टी ला, म्हणजे ट्रोपोनिनला, लॅबचा आकडा लागतो, नॉर्मलच्या किती पट हे बघून गुण द्यायचे असतात, आपल्याकडचं कार्ड नुसती एक रेघ दाखवतं. दुखणं कधी सुरू झालं ती वेळ केसपेपरवर सगळ्यात वर लिही आणि तीन तासांच्या आतला असेल तर कार्ड परत कर.

आणि सगळ्यांसाठी सांगतो, एसटी चढलेला दिसला की स्कोअर बिकोअर काढत बसायचं नाही. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, आपल्या कोकणात बहुतेक ठिकाणी नाहीच होत, तर इंजेक्शन. स्कोअर ज्यांचा ईसीजी गप्प आहे त्यांच्यासाठी.

अजून एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. हा स्कोअर फक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं विचारतो. महाधमनी फाटलेला माणूसही छाती धरूनच येतो, कळ एकदम पाठीत जाते, दोन हातांचं बीपी वेगळं लागतं. त्याची बेरीज किती आली याला काही अर्थ नाही, आणि त्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं तर तो गेलाच. दोन्ही हातांचं बीपी घ्यायला एक मिनिट लागतं.

आणि भातकापणीच्या दिवसांत तरणा पोरगा घामाने थबथबलेला, हातपाय गार, दम लागलेला आला तर आधी पायाची बोटं बघा. लाल विंचवाने सुद्धा हृदय असंच धरतं, ईसीजी बिघडतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा पेशंटांच्या उशाशी रात्र रात्र बसून एकेक लक्षण वहीत टिपलं, त्यातून प्राझोसिनची गोळी पुढे आली आणि जिथे शंभरातले चाळीस जायचे तिथे एखादा जायला लागला. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. मी तरुण पोरांना नेहमी हे सांगायचो, की आकडे हवेत तर असे हवेत, आपल्या पेशंटचे, आपल्या हाताने टिपलेले. तुझ्या रुग्णालयात गेल्या दोन वर्षांत छातीत दुखतं म्हणून आलेल्यांची वही आहे का? नसेल तर उद्यापासून घाल. नाव नको, वय, तक्रार त्याच्याच शब्दांत, बेरीज किती आली आणि महिन्याने फोन करून माणूस कसा आहे ते.

---

करवंद
रविवार, दुपारी १:४०

काकांना +१. एक शंका, मी तालुक्यालाच खाजगी प्रॅक्टिस करते. बेरीज २ आली म्हणून घरी पाठवलं आणि माणूस गेला तर नातेवाईक ऐकून घेतील का? आणि बेरीज ५ आली, मी रेफर केलं, ते गेलेच नाहीत तर?

---

जुना केसपेपर
रविवार, दुपारी २:१०

करवंद, दोन्ही वेळा वाचवणारी गोष्ट एकच, केसपेपर. पाचही गुण वेगवेगळे लिहायचे, नुसती बेरीज नाही, आणि प्रत्येक ईसीजीवर वेळ. घरी पाठवताना कोणत्या लक्षणाला परत यायचं ते नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सांगायचं आणि तेही लिहायचं. कायद्याचं जाऊदे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे तोच कागद जातो आणि त्याला कळतं कुठून सुरू करायचं.

---

घाटवळण
रविवार, रात्री ९:२५

मी अँब्युलन्सवर पायलट आहे, म्हणजे चालवतो. डॉक्टरांच्या धाग्यावर लिहावं की नाही कळत नव्हतं पण लिहितो.

आकडा नातेवाइकांसमोर बोलू नका. खरंच. मी मागे बसलेल्यांचं ऐकत असतो, आत डॉक्टर कमी धोका म्हणाले एवढं कानावर पडलं की पहिल्या वळणावरच कुजबूज सुरू होते, खर्च किती येईल, कोल्हापुरात कोण आहे आपलं, सकाळी बघू. मागच्या पावसात एका माणसाला त्याच्या पोरांनी घाट सुरू व्हायच्या आधीच उतरवून घेतलं, सही केली आणि रिक्षा केली. माझा हात स्टिअरिंगवर, मी काय बोलणार. दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत दुसरा कॉल होता तेव्हा कळलं पहाटेच गेला. त्यांना मधला धोका असं सांगितलं होतं, त्यांनी मधला म्हणजे बरा असा घेतला.

त्यापेक्षा असं सांगा, याला आत्ता झटका आलेला नाही पण येईल असं वाटतंय, तिथे चोवीस तास ठेवून बघणार आहेत. हे लोकांना कळतं. हे ऐकून कोणी उतरवत नाही.

पण पुढच्या हॉस्पिटलला फोन करताना मात्र आकडा सांगा. छातीत दुखतंय, पाठवतोय एवढं म्हटलं तर गेटवर स्ट्रेचर शोधण्यापासून सुरुवात असते. स्कोअर सात आहे, पहिला ईसीजी एवढ्या वाजता, दुसरा एवढ्या वाजता असं सांगितलं की पोचेपर्यंत माणसं उभी असतात, मी दोन्ही बघितलंय.

---

कातळफूल
सोमवार, पहाटे ५:५०

नाइट संपवून लिहितेय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आडसर, तुमच्या आईंचं वाचून मिश्रीचा प्रश्न आजपासून वेगळा विचारायचा ठरवलं, तंबाखू खाता का असा नाही, दात कशाने घासता असा. हार्ट स्कोअर धूम्रपान मोजतो, मिश्रीला त्यात खणच नाही, मी गुण देणार नाही पण केसपेपरवर लिहीन. घाटवळण, तुम्ही लिहिलंत ते आमच्या सगळ्या एमओंना वाचून दाखवणार आहे. मधला धोका हा शब्द मी स्वतः कितीतरी वेळा वापरलाय, त्यातल्या किती जणांनी तो बरा म्हणून घेतला असेल.

काका, वही घातली. पहिलं पान रात्रीच भरलं. तीन जण आले होते. आणि तुमच्या "त्याच्याच शब्दांत" या दोन शब्दांनी डोळे उघडले. मी मूळची लातूरची, बॉण्डवर आले आणि राहिले, मालवणी समजते पण आजारात माणूस ज्या बोलीत बोलतो ती अजून पूर्ण नाही कळत. आमच्याकडे नवीन येणारे तर बहुतेक बाहेरचेच. पित्त, गॅस, दम, भरून आलंय, यातलं काय हिस्टरीच्या दोन गुणांचं आणि काय शून्याचं हे आम्ही अंदाजाने ठरवतो. आता स्कोअर वापरायचा हे पक्कं, पण बेरीज ठेवायची दुसऱ्या ईसीजीनंतरच, आणि जे विचारलं नाही किंवा पेशंटला माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. दोन प्रश्नचिन्हं असली तर बेरीज कितीही कमी आली तरी माणूस सकाळपर्यंत आमच्याकडेच.

तुमची एक मदत हवी. तुमच्या गावात, घरात, अटॅक आलेल्या माणसाने पहिल्यांदा काय शब्द वापरले होते ते इथे लिहा. तसेच्या तसे. मी यादी करून कॅज्युअल्टीत ईसीजी मशीनच्या वर लावणार आहे.

---

करवंद
सोमवार, सकाळी ८:१५

माझे सासरे, दापोली. "जबडा दुखतोय, दाढ काढून टाकू." दाताच्या डॉक्टरकडेच गेले होते आधी.

---

गुहागरकर
सोमवार, सकाळी ८:४०

माझे काका, वय ५६. "आवळून आल्यासारखं होतंय, सदरा घट्ट झालाय." सदरा अंगात नव्हताच, उघडे बसले होते.

---

घाटवळण
सोमवार, सकाळी ११:००

गाडीत ऐकलेले. "उरावर धोंडा ठेवलान." "डाव्या हाताक मुंगयो येतत." एक म्हातारे नुसते "माका घराक नेवा" म्हणत होते, बाकी काही नाही, त्यांचा सगळ्यात मोठा निघाला.

---

आडसर
सोमवार, दुपारी ३:३०

आवय बाजूकच बसलीसा, तिका इचारलंय. ती सांगता, डॉक्टरणीक लिव, उरात दुखा नाय होता, उरात कोणतरी बसल्यासारखा वाटा होता.

---

कातळफूल
सोमवार, दुपारी ३:५०

लिहून घेतलं, अगदी असंच. आडसर, आईंना अजून एकच विचाराल का, ते बसल्यासारखं काम करताना वाढायचं का आणि थांबल्यावर कमी व्हायचं का?

---

आडसर
सोमवार, दुपारी ४:०५

होय म्हणता. बावीवरसून घागर हाडताना. पायरेर टेकला की उतरायचा. दोन म्हयने आधीपासून होता म्हणता, आमका कोणाक सांगूक नाय.